पिंपळपारावरची पहाट

जुन्या नाशकात मेन रोडवरून आत वळले की नेहरू चौकात एक पिंपळ आणि त्याभोवती बांधलेला पार लागतो. त्याला सगळे पिंपळपार म्हणतात. गोदावरीचा घाट इथून जवळ, सराफ बाजार जवळ, बोहोरपट्टीही जवळ. एरवी येथे दुचाकींची गर्दी असते. दिवाळीच्या पाडव्याला मात्र पहाटे पाचच्या सुमारास याच चौकात शास्त्रीय गायनाची मोठी मैफल भरते. 'संस्कृती नाशिक' या संस्थेची ही पाडवा पहाट नाशिककरांच्या अंगवळणी पडली आहे. नामवंत गायक येतात, रस्त्यावर बैठक अंथरली जाते, आणि जागा संपली की लोक गल्लीच्या तोंडाशी, ओट्यांवर, वाड्यांच्या गच्च्यांवर उभे राहून ऐकतात.

आम्ही भद्रकालीत राहतो. पार पायी दहा-पंधरा मिनिटांवर, तरी तिथे सहकुटुंब जाऊन बसलो ते पहिल्यांदाच. निघण्याआधी घरात जी चर्चा झाली ती आपल्यापैकी बऱ्याच घरांत होत असेल, म्हणून तीही सांगतो.

गाण्याला सहकुटुंब जायचे म्हटले की आपल्याकडे प्रश्न निघतातच. पहिला अर्थातच गाणे ऐकावे की नाही हा. यावर उलमांमध्ये जुना मतभेद आहे आणि तो आमच्या घरातही आहे. थोरल्या चाचांनी आपण येणार नाही असे सांगितले. इतरांना त्यांनी अडवले नाही, आणि आम्हीही त्यांना आग्रह केला नाही. दुसरा प्रश्न फजरचा, तिसरा बायकामुलांच्या बसण्याचा. चौथा प्रश्न मोठ्याने कोणी विचारत नाही, पण तो सर्वांच्या मनात असतो: तिथे आपण परके तर दिसणार नाही ना?

हा चौथा प्रश्न आमच्या घरात आठवीतल्या मुलीने विचारला. ती शाळेत हार्मोनियम शिकते. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गातली एक मैत्रीण तिला सहज म्हणाली होती, "ते गाणं तुमचं नसतं ना." मैत्रिणीच्या मनात काही वाईट नव्हते. पण मुलगी दोन दिवस पेटीला हात लावीना. तिसऱ्या दिवशी तिने दादींना विचारले, "दादी, हे आपलं आहे का?"

दादींचे माहेर मिरजेचे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या वेळी जी संगीत सभा होते, ती त्यांनी लहानपणी आईच्या मांडीवर झोपून आणि पुढे जागे राहून ऐकलेली. त्यांनी नातीला सांगितले, "त्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर आहे. उद्या तुझ्या मैत्रिणीला विचार, भीमसेन जोशी तुझे का माझे?"

दादींचे हे कोडे आम्हाला घरात उलगडून सांगावे लागले. खाँसाहेब म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. त्यावरूनच त्यांच्या घराण्याचे नाव किराणा पडले. ते मिरजेत स्थायिक झाले, 1937 साली वारले आणि मिरजेतच दफन झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. ज्यांच्या आवाजातले अभंग महाराष्ट्रातल्या घराघरांत वाजतात, त्यांचा गळा घडला तो एका खाँसाहेबांच्या तालमीतून उतरलेल्या विद्येवर.

नाशिकचेही असेच. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि उत्तरायुष्यात ते नाशकात आश्रम स्थापून राहिले. त्यांचे चिरंजीव, गोड गळ्याचे गायक द. वि. पलुसकर, यांचा जन्म 1921 साली नाशिकचाच. विष्णु दिगंबर शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. बुवांची विद्या ग्वाल्हेरची, आणि ग्वाल्हेरची ती गायकी हद्दूखाँ-हस्सूखाँ या भावांची. म्हणजे धागा नाशकातून ओढला तरी तो खाँसाहेबांच्या दारातच जातो. आणि खाँसाहेबांच्या दारातून ओढला तर बुवांच्या घरी येतो. मुलगी ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग जाऊ या."

फजरचा प्रश्न घड्याळानेच सोडवला. पाडवा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरमध्ये येतो. त्या दिवसांत नाशकात फजरची वेळ साधारण साडेपाचच्या आसपास सुरू होते आणि सूर्य साडेसहानंतर उगवतो. आम्ही मैफलीची सुरुवात सोडून दिली. पुरुष जमातीहून परतले, घरात बायकांची नमाज झाली, फ्लास्कमध्ये चहा भरला आणि सहाच्या आत बाहेर पडलो. दादींचे गुडघे दुखतात, म्हणून घडीची छोटी खुर्ची बरोबर घेतली.

दूध बाजारात शटर बंद होते. मेन रोडवर रात्रीच्या फटाक्यांचे लाल कागद पडलेले. थंडी सुरू झाली होती. धाकट्याच्या कानटोपीवरून दादींनी स्वतःचा रुमाल बांधला. चौक दिसायच्या आधी तानपुरा ऐकू आला. ध्वनिक्षेपकावरून येणारा तो आवाज रिकाम्या रस्त्यावर फार मोठा वाटत होता. नटून निघालेल्या बायका, नव्या कुर्त्यातली पोरे, काठी टेकत चाललेले आजोबा, सगळे एकाच दिशेने चाललेले. त्यांत आम्हीही.

बसण्याचा प्रश्न आम्हाला वाटला होता तेवढा अवघड नव्हता. पुढची बैठक भरली होती. कडेला एका ओट्यालगत दादींची खुर्ची मांडली, बाकीचे तिथेच सतरंजीच्या टोकावर बसलो. बुरखे आमच्याच दोघींचे होते. काही नजरा वळल्या हे खरे. त्यांत राग नव्हता, नवल होते. शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांनी थोड्या वेळाने विचारले, "कुठून आलात?"

"भद्रकालीतून," दादी म्हणाल्या.

"नाही, म्हणजे मूळच्या?"

"मिरजेच्या."

गृहस्थ क्षणभर थांबले. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले, "दर्ग्यातली सभा ऐकलीय तुम्ही?" दादींनी मान हलवली. त्यानंतर ते दोघे अर्धा तास एकमेकांशी बोलले नाहीत, फक्त एखादी जागा सुंदर आली की एकाच वेळी 'वा' म्हणत राहिले.

आम्ही पोहोचलो तेव्हा ललत चालू होता. हा रात्र संपता संपता गायचा राग. यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागतात, आणि पंचम मुळीच लागत नाही. पेटी शिकणाऱ्या मुलीने आपल्या गुडघ्यावर बोटांनी ते दोन मध्यम शोधले. ती आता कोणाकडे बघत नव्हती. धाकटा मात्र पंधरा मिनिटांत कंटाळला. त्याला खारी आणि चहा दिला, मग तो दादींच्या मांडीवर झोपला. लहान मूल मैफलीत झोपले तर ते अपयश मानू नये. दादींचे शिक्षणही तसेच सुरू झाले होते.

उजाडू लागले तसा पिंपळ काळ्याचा हिरवा होत गेला. तारेवर कबुतरे येऊन बसली. वाड्यांच्या गच्च्यांवर शालीत गुंडाळलेली माणसे दिसू लागली. मोगल काळात या शहराचे नाव गुलशनाबाद होते. नाशिक म्हणा की गुलशनाबाद, त्या सकाळी पारासमोर बसलेली माणसे याच गावची होती.

शेवटाकडे अभंग सुरू झाला तेव्हा मुलीने दादींकडे पाहिले. बसायचे की उठायचे? दादी सावकाश म्हणाल्या, "कान उघडे ठेव. ईमान आपलं आपल्याजवळ आहे, ते ऐकून सांडत नाही." वाटेत त्यांनी तिला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी सांगितले. मुसलमान घरात जन्मलेल्या या संतकवीने सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. ज्यांना अभंगाच्या वेळी उठावेसे वाटते त्यांनी निश्चिंत उठावे. कडेला बसले तर कोणाला त्रास होत नाही. आम्ही बसलो. आमच्या निर्णयाचा फतवा करून तो दुसऱ्याच्या घरी पाठवायची आम्हाला गरज वाटत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. चौकापर्यंत गाडी नेऊ नये, लांब लावून चालत यावे. वजू घरूनच करून निघावे. वृद्धांसाठी खुर्ची आणि मुलांसाठी गरम कपडे हवेतच. पादत्राणे पिशवीत ठेवली तर परतताना शोधाशोध होत नाही. ओट्याची कडेची जागा घ्यावी, म्हणजे मूल रडले तर चटकन बाहेर पडता येते. आणि शेजाऱ्याने 'मूळचे कुठले' असे विचारले तर लगेच रागावू नये. उत्तर द्यावे. एखाद्या वेळी त्या प्रश्नातूनही ओळख निघते.

परतताना मिसळ खाल्ली. ती न खाता पाडव्याची सकाळ नाशकात पुरी होत नाही. घरी थोरले चाचा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले होते. "कसं झालं?" एवढेच त्यांनी विचारले. दादींनी सांगितले, "थंडी फार होती, गाणं चांगलं होतं." चाचांनी धाकट्याला उचलून आत नेले.

दुपारी मुलीने पेटी काढली. ललतचे दोन मध्यम तिला अजून नीट जमत नाहीत. एक दाबला की दुसरा सुटतो. दादी पलंगावर पडल्या पडल्या तिला चुका सांगत होत्या.