यंत्राला ताप येतो का?

आमच्या वेळी विज्ञान प्रदर्शन म्हणजे मातीचा ज्वालामुखी. खायचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग... की बक्षीस! हल्ली त्याला 'इन्क्वायरी प्रोजेक्ट' म्हणतात आणि लाल रंगाऐवजी सेन्सर असतो. गेल्या शनिवारी भाचीच्या शाळेत गेलो होतो, तिथे निम्म्या टेबलांवर फरक तेवढाच होता. आपोआप उघडणारी कचरापेटी, कुंडीला आपोआप पाणी वगैरे. एका पोराला विचारलं, "ही वायर काढली तर काय होईल रे?" त्याने मागे उभ्या वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "सर, प्लीज काढू नका." असो.

आमच्या भाचीच्या गटाचा (इयत्ता चौथी, एकूण चार टाळकी) प्रश्न मात्र अस्सल भांडणातून आलेला. खिडकीजवळच्या बाकावर कोणी बसायचं? तिथे जास्त उकडतं की नुसता कांगावा आहे? मग बाईंकडून मायक्रोबिट घेतला. हे क्रेडिट कार्डाहून लहान कार्ड बीबीसीने २०१६ साली ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फुकट वाटलं होतं, दहा लाखांच्या आसपास. तापमान मोजायचं तर ठोकळे जोडून पाच मिनिटांत प्रोग्रॅम होतो.

गंमत पुढे आहे. भिंतीवरचा थर्मामीटर ३१ दाखवतोय आणि मायक्रोबिट ३४. रोज तेच. आमचे भावोजी व्यवहारी माणूस, म्हणाले, "सरळ तीन वजा करून टाका, कोण बघतंय?" (डेमोच्या आदल्या रात्री आपल्या हापिसात काय काय 'जुळवलं' जातं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

पोरांनी वजा केलं नाही. बंद ठेवलेला मायक्रोबिट सुरू करून दर मिनिटाला आकडा लिहीत बसली. सुरुवातीला फरक कमी, मग वाढतो. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'यंत्राला ताप येतो का?' येतो की! त्यातला तापमापक प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्यामुळे खोलीबरोबर तो स्वतःचीही ऊब मोजतो. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केले आणि त्यांचा निबंध २०१० साली 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये छापून आला, रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसकट. म्हणजे हे वय लहान नाही. आपल्याकडे सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून पुढच्यांसाठी, चौथीवाल्यांनी तोवर काय करायचं कोण जाणे.

परीक्षक आले. तक्त्यावर लाल खडूने एक रांग, निळ्याने दुसरी, दोन्ही तशाच ठेवलेल्या. त्यांनी विचारलं, "मग खरं तापमान कोणतं?"

भाची म्हणाली, "भिंतीवरचं. पण खिडकीचा बाक दोन्हीकडे दोनने जास्त आहे."

"याचा समाजाला उपयोग?"

"आता बाई दर सोमवारी बाक बदलतात."

बक्षीस कचरापेटीला मिळालं. मला राग आला, तिला नाही. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, डब्यातली पोळी किती वेळ गरम राहते ते मोजूया का?" मायक्रोबिट डब्यात जाणार नाही, एवढं ताईने बजावून ठेवलंय.