आवराआवर

आमच्या घरात ८३ चमचे निघाले. माणसं दोन आणि चमचे ८३! मी दोनदा मोजले. ३३ वर्षं वर्गात हजेरी घेतली, त्यामुळे मोजायची सवय काही सुटत नाही.

निमित्त घर आवरण्याचं. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली चार खोल्या, वर दोन, शिवाय माळा. १९७५ साली लग्न होऊन मी ह्या घरात आले. आता पन्नास वर्षांनी ते सोडायचं ठरलं. मुलगा पुण्यात असतो. त्याच्याच सोसायटीत दोन खोल्यांची जागा घेतली. इथे आम्ही दोघंच, आणि ह्यांना तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. त्यात २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पुरांनी खालच्या भिंती ओलावून ठेवलेल्या. मुलगा म्हणाला, "आई, चौथ्या पुराची वाट बघायची का?" ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दसऱ्यानंतर कामाला लागले. दोनशे पानी वही घेतली आणि पट्टीने चार रकाने आखले. न्यायचं, द्यायचं, मोडीत आणि टाकायचं. रोज एक कोपरा, आठवड्याला एक खोली. संक्रांतीच्या आत घर रिकामं करायचं. मास्तरीणबाईंचं वेळापत्रक!

पहिलं स्वयंपाकघर घेतलं. चमच्यांखेरीज शेजारपाजारचे ११ डबे निघाले. कुणाकडून काय आलं आणि रिकामा डबा परत कसा द्यायचा म्हणून राहून गेलं, ते आता कुणाला आठवणार? पण खरी अडचण भांड्यांची झाली. पूर्वी कार्याला भांडं द्यायचं तर दुकानदार त्यावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव, निमित्त आणि तारीख घालून द्यायचा. आमच्या एका पातेल्यावर माझं डोहाळजेवण आहे, एका ताटावर मुलाची मुंज, एका कळशीवर घराची वास्तुशांत. वंशावळ म्हणून वेगळी कुणी लिहिली नाही, ती सगळी फळीवर पालथी घातलेली होती. नावासकट भांडी दुसऱ्याला द्यायची कशी, ह्या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी आमच्या कामाच्या मावशीच म्हणाल्या, "बाई, नाव कुणाचं बी असू दे की, भात शिजल्याशी कारण!"

पुढे मी अडले नाही. तांब्याचा बंब, घंगाळ, कल्हई गेलेली पितळी पातेली मोडीत गेली. पाटा-वरवंटा कुणी उचलेना, तो अंगणात तुळशीपाशी ठेवून दिला. नव्या मालकाने काय ते करावं.

मग वरची पुस्तकांची खोली. ही पूर्वी खाली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची, म्हणजे काय झालं असेल ते समजा. पुस्तक भिजलं की नुसतं ओलं होत नाही, फुगतं. कप्प्यात दाबून लावलेली पुस्तकं इतकी फुगली, की फळीच्या कडा उकलल्या. महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड आम्ही पगारातून एकेक करून जमवले होते. त्यातले खालच्या कप्प्यातले सात गेले. सासूबाईंनी बांधून घेतलेले 'स्त्री' आणि 'किर्लोस्कर'चे जुने अंक वरच्या कप्प्यात होते म्हणून वाचले. ते एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आनंदाने नेले. मुलांची पुस्तकं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या शाळेसाठी नेली. वाचनालयं जुनी पाठ्यपुस्तकं आणि गाइडं घेत नाहीत हेही कळलं. ती सगळी रद्दीत गेली. त्यांतली निम्मी मीच मुलांना घ्यायला लावलेली होती!

घरातली कागदपत्रं मात्र कुणी माझ्यासारखी बिस्किटांच्या डब्यात ठेवू नका. घराचं खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, सासू-सासऱ्यांचे मृत्यूचे दाखले, ह्यांच्या पेन्शनची ऑर्डर, सगळं पाच निरनिराळ्या डब्यांतून निघालं. आता एका फायलीत लावलंय आणि मुलाला दाखवून ठेवलंय.

इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. खरं सांगते, मला त्याची थोडी ऐटही वाटत होती. फोनवर मैत्रिणींना सांगायचे, "मला नाही बाई वस्तूंचा मोह!" हे दिवसभर ओसरीवर आरामखुर्चीत बसून असायचे. टेम्पो आला की विचारायचे, "कोण जातंय?" मी सांगायचे, "कुणी नाही, सामान चाललंय." मग पुन्हा गप्प.

माजघरात भिंतीला लागून एक सागवानी कपाट होतं, सासऱ्यांच्या वेळचं. दारं फुगून बसलेली, खालचे पाय तीनदा पुरात भिजलेले. आत गोधड्या आणि जुने सतरंज्या-बस्तर. पुण्याच्या जिन्यातून ते वर गेलंच नसतं. जुनं फर्निचर घेणारा एक जण आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि मी विचार बदलायच्या आत चार माणसं लावून घेऊनही गेला. कपाटामागे भिंतीचा मूळचा निळा रंग जसाच्या तसा होता. मला माजघर एकदम मोठं वाटायला लागलं.

त्या रात्री दोनच्या सुमाराला जाग आली, तर शेजारी हे नव्हते. दिवा लावला. माजघराच्या बरोबर मधोमध उभे होते. उजवा हात जरासा वर, हवेत धरलेला. धोतर ओलं झालेलं. मी म्हटलं, "अहो, इकडे कुठे?" ते माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात, परक्या घरी पाहुण्याने बोलावं तसं म्हणाले, "इथलं मोरीचं दार कुठे आहे हो?"

मी त्यांना धरून नेलं, कपडे बदलले, निजवलं. मला झोप आली नाही. तो वर धरलेला हात सारखा डोळ्यांपुढे येत होता. पहाटे लक्षात आलं. इतकी वर्षं हे रात्री दिवा न लावता उठायचे, माझी झोपमोड नको म्हणून. खोलीतून बाहेर आलं की उजवा हात कपाटाच्या कडेवर टेकायचा, त्या कडेने सहा पावलं जायचं, कपाट संपलं की डावीकडे मोरी. आपण मोरीकडे चाललोय हे त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे, पण हाताला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले होतेच, की काल-परवाचं आधी पुसलं जातं आणि अंगात मुरलेल्या सवयी बराच काळ टिकतात. परिचयाची जागा बदलू नका, असंही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मी तर अडगळ काढत होते. कपाट म्हणजे 'जागा' असेल, हे माझ्या चार रकान्यांत कुठे बसत नव्हतं.

सकाळी त्या फर्निचरवाल्याला फोन केला. कपाट कोल्हापूरला गेलं होतं. पैसे परत देते म्हटलं, वर थोडे जास्त देते म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "मावशी, आता ते कुणाकडे गेलं ते मलाच ठाऊक नाही." त्याची काहीच चूक नव्हती.

मग पडवीतलं बाक आणून त्या जागी ठेवलं. दुसऱ्या रात्री मी जागीच होते. हे उठले, बाहेर आले, हात टेकायला गेले, बाक कमरेच्याही खाली. हात हवेतून खाली गेला आणि तोल गेला. मी मागे उभी होते म्हणून सावरलं. तेव्हापासून रात्री मीच बरोबर उठते आणि माजघरात बारीक दिवा जळतो. पण त्या कपाटाबरोबर त्यांचं एकट्याने उठणं जे गेलं, ते गेलंच. दोन महिन्यांनी आजाराने गेलंच असतं, असं मुलगा समजूत घालतो. असेलही. पण ते दोन महिने माझ्याकडून गेले.

आठ दिवस मी काही आवरलं नाही. वही घेऊन नुसती बसून राहिले आणि हे कशाला हात लावतात ते लिहीत गेले. पन्नास वर्षं ह्या माणसाच्या शेजारी राहिले, पण इतकं बारकाईने बघितलं नव्हतं. सकाळी उठल्यावर पितळी तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी पितात. पेला दिला तर तसाच ठेवून देतात. कित्येक वर्षं बंद असलेल्या रेडिओचं बटण रोज सात वाजता फिरवतात आणि ऐकत असल्यासारखे पाच मिनिटं उभे राहतात. खुंटीवर टोपी नसली तर खुंटी चाचपतात. आरामखुर्चीच्या डाव्या हाताचा झिजलेला भाग अंगठ्याने घासत बसतात. पंक्तीतल्या सगळ्या ताटांत नेमकं कड चेपलेलं ताट ओढून घेतात. ते ताट मी मोडीच्या पोत्यात टाकलं होतं, तिथून त्यांनीच काढून आणलेलं होतं!

आणि कालनिर्णय.

त्याची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. हे पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे, हा आमच्या घरातला पहिला विषय असायचा. चहाच्या आधी! आणि ते आकडे हे कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने लिहायचे. मी त्याच चौकोनांत दुधाचा हिशोब लिहायचे. ह्यावरून आमचं दरवर्षी वाजायचं. २०१९ साली पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आम्ही सामान वर चढवत होतो. तांदूळ, सिलिंडर, देव, औषधं. शेवटच्या खेपेला हे खाली गेले आणि वर येताना हातात काय, तर भिंतीवरचं कॅलेंडर! मी ओरडले, "अहो, ते कशाला?" तर म्हणतात, "उद्याचं पाणी कुठे लिहू?"

माळा आवरताना ह्या कालनिर्णयांचा गठ्ठा निघाला होता. १९७९ पासूनचे, सुतळीने बांधलेले. मी 'टाकायचं' ह्या रकान्यात लिहून मोकळी झाले होते. कपाटाच्या प्रकारानंतर तो गठ्ठा पुन्हा सोडला. २०१९ चा ऑगस्ट काढला. ४५, मग ५०, मग ५७. अक्षर स्थिर, एकही खाडाखोड नाही. त्याच चौकोनांत माझं दूध मात्र नव्हतं. त्या आठवड्यात गवळी कुठून येणार!

नवी यादी १२ वस्तूंची झाली. तिच्यात माझी एकच, सासूबाईंची सहाण. बाकीच्या अकरा मी निवडलेल्या नाहीत. ह्यांच्या हातांनी निवडल्या. उरलेल्या घराचं मग मला फारसं दुःख झालं नाही. चमचे सहा ठेवले.

पुण्याला आम्ही संक्रांतीनंतर आलो. सून समंजस आहे. तिने भिंतींचा रंग, पडदे वगैरे विषय बाजूला ठेवले आणि आधी माझ्याकडून सांगलीच्या खोलीचा नकाशा काढून घेतला. पलंग तसाच डावीकडून भिंतीला लावला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत उजव्या हाताला सुताराकडून लाकडी कठडा बसवून घेतला. कपाटाच्या कडेइतक्याच उंचीचा. ती उंची मला बरोबर सांगता आली, कारण निळ्या भिंतीवर कपाटाची रेघ राहिली होती आणि निघायच्या आदल्या दिवशी मी ती पट्टीने मोजून आणली होती. कठडा लागला तरी हे पहिले दहा दिवस त्याला हात लावायला तयार नव्हते. हल्ली कधी लावतात, कधी नाही.

कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराच्या उजव्या अंगाला टांगलंय, सुतळीने बांधलेल्या पेन्सिलीसकट. इथे जवळपास कृष्णा नाही, आणि हे दिवस पाण्याचेही नाहीत. पण तिसऱ्याच दिवशी सकाळी हे त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, पेन्सिल हातात घेतली आणि मला विचारलं, "आज पाणी किती?"

जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. दुधाचं पातेलं गॅसवर होतं. मी वळून म्हटलं, "उतरलंय. १२ फूट."

त्यांनी चौकोनात १२ लिहिलं. मग जरा थांबून, शेजारच्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि दूध?"

मी गॅस बारीक केला आणि दूध लिहायला गेले.