चिमणी

मराठी भाषेने चिमणीवर फारच भार टाकला आहे. वळचणीला घरटे बांधते ती चिमणी, घासलेटवर मिणमिणते तीही चिमणी, गिरणीचा धूर आभाळात सोडते ती चिमणीच आणि अलीकडे गॅसच्या शेगडीवर लटकते तीसुद्धा चिमणीच! आमच्या श्रीवर्धनच्या घरी ही शेवटची आली तेव्हा काकूने विचारले, "ही अंडी कुठं घालणार?" पुढे चिमणी धूर ओढीना म्हणून बाहेरचा पाईप उघडला, तर आत काड्या-कापसाचा सुरेख संसार. तेव्हापासून पाइपाच्या तोंडाला जाळी आहे.

जुन्या कौलारू घराला चिमणी नव्हती, कारण अख्खे छप्परच चिमणी होते. चुलीचा धूर वाशांना काळे करीत, माळ्यावरच्या सामानाची विचारपूस करीत, सावकाश कौलांच्या फटींतून बाहेर पडे. धुराने वासे टिकतात, असे आजोबा म्हणत. डोळ्यांचे काय होते, हे आजी पदराने पुसत असे.

घरातली खरी चिमणी म्हणजे बंब. तांब्याचे पिंप, मधून आरपार नळी, खाली जाळी. नळीत करवंट्या आणि सोडणे टाकायची, भोवतीचे पाणी तापायचे. बंबाच्या बाबतीत काकू म्हणजे साक्षात बॉयलर इन्स्पेक्टर. पाणी भरल्याशिवाय काडी लावायची नाही. कोरडा तापला की सांधे सुटतात. बादली काढली की बादली ओतायची. नळीतली काजळी काथ्याने खरवडायची. राखेवर पाणी मारल्याशिवाय ती टाकायची नाही, कारण राखेच्या पोटात निखारा झोपलेला असतो.

नवे स्लॅबचे घर झाले आणि बंब अडगळीत गेला. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली ती कित्येक दिवस गेली. गिझर मुका, चिमणी मुकी. जळण मात्र दारात डोंगराएवढे. तेही पन्नास वर्षे वाढवलेल्या माडांचे. ते जाळताना काकू त्याच्याकडे बघत नसे.

पुतण्याने बंब काढला, अंगणात पेटवला आणि पाऊस आला म्हणून धुमसता बंब उचलून सरळ टाइल्सच्या बाथरूममध्ये नेला. दार बंद, खिडकीला काच, पंखा विजेअभावी ठप्प. काकूने दाराला अशी लाथ मारली की सत्तरीचे गुडघे विसरावेत!

"अगं आजी, धूर कुठाय? नुसते निखारे आहेत."

"धूर असता तर तू खोकत बाहेर तरी आला असतास!"

कार्बन मोनॉक्साइड हे नाव काकूला ठाऊक नाही. त्याला रंग नाही, वास नाही, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यातून तो निघतो आणि माणूस झोप आली समजून डोळे मिटतो. धूर निदान डांगोरा पिटत येतो.

बंब मागच्या पडवीत, तिन्ही बाजूंनी उघड्या जागी गेला. दुपारपर्यंत शेजारच्या चार घरांच्या बादल्या रांगेत लागल्या होत्या, आणि काकू प्रत्येकाला बजावत होती, "काढलीस तेवढी ओत रे आधी."