थैली रिकामी झाली का?

आमच्याकडून बजी पाखरू नेणारा माणूस आधी भाव करतो, मग नर-मादीची खात्री करून घेतो आणि पिंजरा उचलून दारापर्यंत गेला की वळून विचारतो, "दूध-भाकरी चालते ना याला?" बीडात हा प्रश्न चुकत नाही. लेकराला दूध, आजारी म्हाताऱ्याला दूध, दारच्या कुत्र्याला दूध, नागपंचमीला चित्रातल्या नागालाही दूध. मग पाखरानंच काय घोडं मारलंय? मी इतकी वर्षं "नाही चालत" एवढंच म्हणून मोकळा होत आलो. गिऱ्हाइकाला तेवढ्यानं समाधान होत नाही. त्याला वाटतं, हा माणूस पाखराच्या खाण्यात कंजुषी शिकवतोय.

आता सविस्तर लिहायला बसलो याला कारण माझा उजवा हात. चहाचा कप धरला तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण आठवड्याच्या पिल्लाच्या चोचीशी चमचा नेला की अंगठा थरथरतो. त्यामुळं भरवण्याचं काम हल्ली शेजारची मुलगी करते. बारावी झाली, नीटचा अभ्यास चालू आहे. घरच्यांना ती माणसांची डॉक्टर व्हायला हवी आहे, तिचा डोळा परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजवर. मला मामा म्हणते आणि एकाच गोष्टीला दोनदा "का" विचारते.

तर दुधाचं असं आहे. बजी हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला पक्षी. जॉन गूल्डनं १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभर पिंजऱ्यापिंजऱ्यात पोचला. गवताचं बी खायचं, मिळेल तेव्हा पाणी प्यायचं. आमच्या जिल्ह्याला शोभेल असाच दुष्काळी जीव. पक्ष्याच्या पिल्लाला दुधाशी कधी गाठच पडली नाही, म्हणून दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज त्याच्या आतड्यात नाही. गाईच्या दुधात शंभर ग्रॅममागे साडेचार-पाच ग्रॅम ही साखर असते. ती न पचता पुढं सरकते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि पाखराचं बूड ओलं होतं. दह्यात ती थोडी कमी, मुरलेल्या चीजमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळं लेकराच्या बोटावरचं दही बजीनं चाटलं म्हणून रात्री दवाखाना शोधत फिरायची गरज नाही. विष म्हणावं ते अव्होकाडोला, चॉकलेटला. दूध हे विष नाही, नसता उद्योग आहे.

मुलगी म्हणाली, "मग उन्हाळ्यात कोंबड्यांना ताक पाजतात ते कसं?" प्रश्न रास्त होता. कोंबडीच्या आतड्याला शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात. तिथले जंतू बरंच काही आंबवून निस्तरतात. पोपटाच्या जातीत त्या पिशव्या नसतात. कोंबडीला थोडं खपतं म्हणून बजीलाही खपेल असं नाही, आणि मिठाचं ताक तर कुणालाच देऊ नये.

खरी भीती खव्याची. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातला कुंथलगिरीचा पेढा आमच्याकडं घरोघर येतो. खवा म्हणजे पाणी आटवून साखर जागेवर ठेवलेलं दूध, त्यात वरून आणखी साखर. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. पस्तीस ग्रॅमच्या पाखरानं एक ग्रॅम पेढा खाल्ला, तर साठ किलोच्या माणसानं पावणेदोन किलो खाल्ल्यासारखं होतं. हा हिशेब सांगितला की गिऱ्हाईक हसतं, पण पेढ्याचा विषय तिथं संपतो.

"कॅल्शियम कुठून मिळणार मग?" हेही ठरलेलं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो पिंजऱ्याला बांधा. मादी अंड्यावर आली की उकडलेलं अंडं टरफलासकट कुस्करून द्या, शेवग्याचा पाला द्या, सकाळचं कोवळं ऊन द्या. अंडं अडकलेली मादी हातात घेऊन लोक येतात आणि सांगतात, "दूध चालू होतं की!"

आमच्या गावातल्या कबूतरवाल्यांशी माझं या बाबतीत कधी जमलं नाही. त्यांचं म्हणणं, कबूतर स्वतःच पिल्लाला दूध पाजतं, तर पाखराला दूध कसं बाधेल? कबूतराच्या गळ्यातून, नराच्याही आणि मादीच्याही, जो पांढरा लगदा येतो त्यात प्रथिनं आहेत, चरबी आहे, लॅक्टोजचं नाव नाही. हे मी सांगितलं की ते माझ्याकडं न बघता आकाशात बघतात. कबूतरवाल्यांची मान कायम वरच असते. पण तेही परवडले. हल्ली मोबाइलवर बघून पाखरं पाळणारे आले आहेत, ते बजीला पनीरचे तुकडे खाऊ घालून व्हिडिओ टाकतात आणि त्याला अजून लव्हबर्ड म्हणतात. लव्हबर्ड आफ्रिकेचा, हा ऑस्ट्रेलियाचा. पण बाजारात नाव पडलं ते पडलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला राघू पिंजऱ्यात ठेवायची सोय राहिली नाही, हे बरंच झालं. त्याची जागा या परदेशी पाखरानं घेतली आणि राघूची डाळ-मिरची-दूधभाकरीही त्याच्याच वाटीत आली. बजीला खरा सोसणारा राळा मात्र आला नाही. आमच्या आजोळी राळ्याचा भात व्हायचा. आता शिवारात सोयाबीन आणि कपाशी, आणि पाखरासाठी राळा मला बाहेरून मागवावा लागतो. २०२३ मध्ये भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून तो मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटात दिसतो. पाकिटावर हसरा शेतकरी असतो.

पण हे सगळं वरवरचं. माझी खरी झुंज एकाच जागी चालू आहे, पिल्लाच्या गळ्यातल्या थैलीशी. मादी मेली किंवा घरटं सोडून बसली, आणि त्याच वयाची पिल्लं असलेली दुसरी मादी नसली, की पिल्लू आपल्या हाती येतं. मग लोक दुधाची पावडर काढतात, नाहीतर बाळाचं डब्यातलं दुधाचं खाद्य. मका-सोयाचं तयार खाद्य मागवावं लागतं, ते येईपर्यंत पिल्लू थांबत नाही, हे मला कळतं. पण थैली गरम, ओली आणि बंद. तिथं दूध-साखर पडली आणि थैली वेळेवर रिकामी झाली नाही, की बुरशीला आयतं जेवण.

आणि थैली वेळेवर रिकामी का होत नाही, हे मला आजही पुरतं कळलेलं नाही. तिची कातडी इतकी पातळ की आतलं खाद्य दिसतं. हवेचा बुडबुडासुद्धा दिसतो. सकाळी ती सपाट हवी. बोटानं हलकेच चाचपून पाहिलं आणि तळाशी छोटी गोळी लागली, की माझा दिवस गेला. घट्ट कालवलं तर पाणी शोषलं जातं आणि पिठाचा बोळा खाली उरतो. पातळ कालवलं तर थैली झटपट उतरते, पण पिल्लाच्या छातीचं हाड वर येत जातं. पातळ पिठल्यासारखं, असं मी मुलीला सांगितलं, तिनं विचारलं, "कुणाच्या घरचं पिठलं, मामा?" मी त्यावर दोन दिवस विचार केला. पहिल्या आठवड्यातलं पातळपण नवव्या दिवशी चालत नाही, आणि नवव्या दिवसाचं एका पिल्लाला चालतं ते त्याच्याच भावाला चालत नाही.

ऊब ही दुसरी गाठ. खाद्य चाळीस अंशांच्या आसपास हवं. थंड झालं तर थैली हलत नाही, त्रेचाळिसाच्या पुढं गेलं तर भाजते, आणि भाजल्याचं दिसायला दिवस जातात. मी आयुष्यभर मनगटावर थेंब टाकून बघत आलो. हल्ली माझ्या मनगटाला जे कोमट लागतं ते तिच्या मनगटाला गरम लागतं. तिनं थर्मामीटर आणला. माझ्या मनगटाचं नाव त्या दिवसापासून निघालेलं नाही.

पिल्लालाही बाहेरून ऊब लागते. पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब खोक्यात सोडला की थंडी निभायची. आता दुकानदार एलईडी पुढं करतो. त्याचा उजेड पिल्लाच्या काय कामाचा? गारठलेल्या पिल्लाला आईनं भरवलं तरी थैली तुंबते, तिथं माझं पीठ काय करणार? आणि मे महिन्यात याच्या उलट: कालवलेलं वाटीतच आंबतं. दर वेळी ताजं कालवायचं, उरलेलं ओतून द्यायचं. खाद्याची किंमत माहीत असलेल्या माणसाला ते ओतताना जड जातं.

यंदाची हाती वाढवलेली पिल्लं तिच्या हातची आहेत. गिऱ्हाईक हिरवा नर बोटावर बसवून म्हणतं, "काय माणसाळवलंय मामांनी!" मी मान डोलावतो. ती समोर उभी असली तरी डोलावतो. ओल्या बुडाचं पाखरू घेऊन कुणी आलं तर तिच्या आधी कागदावरची शीट बघायला मी पुढं होतो: हिरवा भाग घट्ट आणि भोवती नुसतं पाणी असेल तर जुलाब नव्हे, भ्यालेलं किंवा जास्त पाणी प्यालेलं पाखरू, हिरवाच भाग पसरला असेल तर विचारायचं, काय भरवलंत? हे मी जरा मोठ्यानं सांगतो, म्हणजे बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जावं.

चमच्याच्या बाबतीत मात्र आमचं भांडण मिटलेलं नाही. मी कडा आत वळवलेला चमचा वापरतो. पिल्लू मान हलवत आपल्या चालीनं ओढतं, नको झालं की थांबतं. तिला सिरिंज हवी. सिरिंजनं ढकललेला घास श्वासनळीत गेला तर परत आणता येत नाही, हे तिला मान्य आहे. पण सिरिंजवर मापाच्या रेघा आहेत, म्हणते. मी म्हणालो, माप कशाला, थैली भरलेली दिसते की. ती म्हणाली, "तुम्हाला दिसते? चष्मा कुठंय, मामा?"

चष्मा मी पाखरांच्या खोलीत लावत नाही. काच चमकली की अंड्यावरची मादी बिथरते, असं तिला सांगितलंय. तिला ते पटलेलं दिसत नाही.