उस्तादांचं ऋण

मी आज लातुरात मुलांना इंजिनाचं काम शिकवतो. मला ते शिकवलं नांदेडच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींनी. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणत आलो. त्यांच्याकडं पदवी नव्हती. पण माझ्याकडं जी काही विद्या आहे, तिचा पाया त्यांनी घातला. हे लिहून ठेवायला हवं, असं फार दिवसांपासून मनात होतं.

दहावीची परीक्षा झाली आणि वडिलांनी मला सुट्टीपुरतं त्यांच्याकडं सोडलं. मला तेव्हा पाना धरायचंही कळत नव्हतं. लूना, एम-८०, आरएक्स १०० अशा टू-स्ट्रोक गाड्यांची दारात रांग असायची. माझ्याकडं काम होतं कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुण्याचं आणि जेट फुंकून मोकळे करण्याचं. केसाएवढ्या भोकात कचरा अडकला तर अख्खी गाडी मिसिंग मारते, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

आरएक्स १०० ट्युनिंगला आली की उस्ताद आधी तिच्यावर एक चक्कर मारून यायचे. गार इंजिनाचं ट्युनिंग खोटं, असं त्यांचं म्हणणं. मग प्लग काढून उजेडात धरायचे. काळाकुट्ट असला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असला तर कमी, बदामी असला तर जमलं. एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आवळून दीड आट्याच्या आसपास सोडायचे आणि तिथून थोडा थोडा फिरवत आवाज ऐकायचे. माझा हात स्क्रूकडं गेला की म्हणायचे, "लेकरा, आधी ऐक. मग एकच स्क्रू फिरव, आणि परत ऐक."

या सांगण्यात केवढी शिस्त आहे, हे कळायला मला लातूरला यावं लागलं. पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात शिकताना फळ्यावर आकडा आला: एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते. उस्ताद प्लगच्या रंगात जे शोधायचे, ते हेच प्रमाण. उन्हाळ्यात ते मिक्सचर पुन्हा का बघायचे, तेही उमगलं. तापलेली हवा विरळ होते, तिच्यात प्राणवायू कमी, मग तेवढंच पेट्रोल जास्त ठरतं. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंचावर आहे. इथली हवाही किंचित विरळच. पुस्तकातला प्रत्येक नियम मला उस्तादांच्या गॅरेजातून ओळखीचा वाटायचा. वर्गात माझा धीर टिकला तो त्यामुळं.

पुढं मी शिकवायला लागलो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी आणली. मुठीत मावेल एवढं टू-स्ट्रोक इंजिन, इंधन म्हणजे मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. ठिणगी पाडणारा प्लग नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार तापलेली राहते आणि तिच्यावर इंधन पेटतं. असं इंजिन मी आधी कधी उघडलं नव्हतं. गाडी स्लोवर नीट चालायची, पण रेस दिली की घुसमटून बंद पडायची. पोरांनी सगळे स्क्रू फिरवून पाहिले होते.

मी तेच केलं, जे उस्तादांनी केलं असतं. सुया कंपनीच्या मूळ मापावर आणल्या, इंजिन तापू दिलं आणि ऐकलं. मग आधी फक्त जास्त वेगाची सुई. इथं सुई आवळली की इंधन कमी होतं आणि त्याबरोबर तेलही. लूनातही तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं, त्यामुळं मिक्सचर फार पातळ झालं तर पिस्टन जाम होणार, हे मला कुणी नव्यानं सांगावं लागलं नाही. आट्याच्या आठव्या भागाएवढी सुई फिरवायची, गाडी पळवायची, पुन्हा ऐकायचं. पूर्ण वेगातही धुराची निळसर रेघ मागं दिसली पाहिजे, एवढं पथ्य पाळलं. ती सुई जमल्यावर कमी वेगाची, आणि शेवटी स्लोचा स्क्रू. गाडी मैदानभर पळाली तेव्हा पोरं माझं कौतुक करू लागली. मी त्यांना उस्तादांबद्दल सांगितलं. ते श्रेय त्यांचंच होतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. इंधन किती सोडायचं, ते आता सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. धूर कमी होतो, हे चांगलंच आहे. पण बिघाड शोधायचा तर रीत तीच: आधी नीट बघा-ऐका, एका वेळी एकच गोष्ट बदला, परिणाम तपासा, मग पुढं जा. स्कॅनर हातात घेतलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि ते कुणाकडून आलं तेही सांगतो.

उस्तादांचं गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो. नांदेडला गेलो की मी त्यांच्या पाया पडून येतो. एवढ्यानं हे ऋण फिटत नाही, हे मला माहीत आहे. वाचकांना एकच विनंती. तुमच्या गावात कान लावून इंजिन ओळखणारा मिस्त्री अजून असेल, तर सुट्टीत आपलं मूल त्याच्याकडं पाठवा. आणि ते काही शिकून आलं, तर त्या मिस्त्रीला गुरू म्हणायला शिकवा.