एका फाटकाचं पीक

वाइनचं द्राक्ष तुम्ही कधी खाऊन पाहिलंय? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आपल्याला द्राक्ष म्हणजे थॉमसन, सोनाका, नाहीतर आमच्या जुन्नरचं टपोरं, काळंभोर जंबो. वाइनच्या द्राक्षाचा घड हातात घेतला तर मुठीतच मावतो. मणी बारीक, एकमेकांना घट्ट चिकटलेले. दाताखाली साल चामट लागते, बिया कडकड वाजतात, जीभ तुरट होते. आणि त्या सगळ्यांतून जो थेंबभर गर हाती लागतो तो मात्र खायच्या द्राक्षापेक्षाही गोड. दोन मणी खाल्ले की पोरं घड ठेवून देतात. मोठी माणसं मानेनंच नको म्हणतात. या घडाला पेटीत कागद घालून कुणी निजवत नाही, त्याची पाटी रस्त्याच्या कडेला लागत नाही. त्याचा बेदाणा करावा तर बियांचाच भरणा. त्याला जग एकच ठाऊक असतं, वाइनरीचं फाटक.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात असं एक फाटक होतं. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इथं ‘शॅम्पेन इंडेज’ उभी केली. पायपर-हाइडसिक या फ्रान्समधल्या जुन्या शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि मीनेच्या काठच्या माळावर फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावानं गेली, देशात ‘मार्की द पाँपादूर’ नावानं. भारतात द्राक्षापासून चांगली वाइन होते यावर तेव्हा देशातलाच माणूस विश्वास ठेवत नव्हता. सुला वाइनरी अजून जन्मायची होती, नाशिकला वाइनची राजधानी वगैरे कुणी म्हणत नव्हतं. आज नाशिकच्या वाइनरीत पर्यटक पेला फिरवून वास घेतात, त्याची पहिली पाटी गिरवली गेली ती जुन्नर तालुक्यात. नाशिककरांना हे आवडायचं नाही, पण तसं आहे खरं.

या प्रकारच्या वाइनची रीत मला फार देखणी वाटते. एकदा आंबवून झालेली वाइन साखर आणि यीस्ट घालून बाटलीत बंद करायची, म्हणजे ती बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबते आणि वायू आतच कोंडला जातो. मग त्या बाटल्या लाकडी फळ्यांच्या भोकांत मान खाली करून लावायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या. साका हळूहळू बुचापाशी येऊन बसतो. शेवटी बाटलीची मान गोठवायची, बूच उघडायचं, की आतल्या दाबानं साक्याचा गोठलेला गोळा फट्कन बाहेर उडतो. घाई केली की सगळं गढूळ. हा धंदा मुळातच धीमा. बाग लावल्यापासून बाटली दुकानात जाईपर्यंत वर्षं जातात आणि तेवढी वर्षं पैसा अडकून पडतो. पुढं जे झालं त्याचं बीज मला तरी इथंच दिसतं. माल धिम्या गतीचा आणि विस्ताराची भूक मात्र घाईची.

वाइनशी या मुलखाचा संबंध तसा फार जुना. नाणेघाटातून जुन्नरला चढणारी वाट सातवाहनांच्या काळातली. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची नावं कोरलेली आहेत. त्याच सुमाराच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, आणि त्यातही इटलीच्या मद्याला पसंती असल्याची नोंद आहे. त्या यवनांपैकी कुणी जुन्नरला येताना एखादा बुधला बरोबर आणला असेल का, असा विचार लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात येतो खरा. गणपतीच्या पायऱ्यांवर असा विचार करू नये, हेही लगेच मनात येतं.

असो. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले. पाहता पाहता नाशिककडं वाइनरी उगवू लागल्या. ज्याला त्याला शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लाँ ही नावं पाठ. आमचे एक तात्या आहेत, आंबेगाव तालुक्यातले. त्यांनी थॉमसनची अर्धी बाग काढून वाइनची लागण केली. करार होता एका वाइनरीशी. ती इंडेज नव्हे, दुसरीच. डॉगरिजच्या खुंटावर कलम, मंडपाऐवजी सरळ तारांवर चढवलेला वेल, घड मुद्दाम कमी ठेवलेले. खायच्या द्राक्षाची जी नाटकं करावी लागतात, म्हणजे मणी फुगवायला जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड बुडवणं, विरळणी, रंग, चकाकी, त्यातलं इथं काही नाही. “आमची पोरगी नटवायला नको, नांदायला तयार,” असं तात्या म्हणायचे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि फेब्रुवारीत कंपनीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बांधावर. मणी चिरडून रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून साखर मोजायची, उद्या तोडा म्हणायचं. दलाल नाही, हमाली-तोलाई नाही, आडत नाही. तात्यांना वाटलं, शेतकरी पहिल्यांदाच नोकरदारासारखा सुखी झाला.

इंडेजची तेव्हा भरती होती. कंपनीनं नाव बदलून इंडेज व्हिंटनर्स केलं, ऑस्ट्रेलियातल्या वाइनरी घेतल्या, ब्रिटनमधली वितरण कंपनी घेतली. नारायणगावचा माणूस गोऱ्यांच्या देशात जाऊन त्यांचेच द्राक्षमळे विकत घेतोय, या बातमीनं आमच्याकडं ऊर भरून आले होते. माझाही आला होता. हे सगळं मुख्यतः कर्जावर चाललंय, हे अशा वेळी कुणी विचारत नाही. मग २००८ उजाडलं. सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभर कर्जाचे नळ बंद झाले. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. ताज आणि ओबेरॉय, म्हणजे जिथं वाइन खपते तीच हॉटेलं जळाली. पर्यटक आटले, पार्ट्या आटल्या, आणि राज्यभरातल्या टाक्या मात्र आदल्या हंगामाच्या वाइननं भरलेल्या. इंडेजचे हप्ते थकले, पगार थकले, शेतकऱ्यांची बिलं थकली. काही वर्षांतच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जाऊन कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला आणि मालमत्ता सरकारी अवसायकाकडं गेली. देशातल्या वाइनचा पाया घालणारी कंपनी अशी कागदांत विरघळली.

तात्यांची वाइनरीही त्याच मंदीत बसली. फेब्रुवारीत घड तयार, साखर भरलेली, आणि बांधावर कुणी येईना. फोन लागेना. खायचं द्राक्ष असतं तर तात्यांनी पाट्या भरून टेम्पो नारायणगावला, नाहीतर वाशीला पाठवला असता. भाव मातीमोल मिळाला असता, पण मिळाला असता. २०१० मध्ये निर्यातीच्या द्राक्षात लिहोसीन या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपला माल अडवला. केवढा हाहाकार झाला होता. तरी तो माल शेवटी कुठं ना कुठं कुणाच्या तरी तोंडी लागला. वाइनच्या द्राक्षाला ती सोय नाही. आणि गंमत म्हणजे उसाचं गुऱ्हाळ शेतकऱ्याला लावता येतं, पण आपल्याच द्राक्षाची वाइन आपल्याच परसात आंबवली तर दारूबंदी कायदा घरी येतो. परवाना ज्याच्याकडं, फाटक त्याचं. तात्यांचे घड वेलीवरच सुकले, पाखरांनी खाल्ले, वास सुटला. पुढच्या छाटणीच्या ऐवजी कुऱ्हाड आली. बुंधे तोडून बांधावर रचले होते. जळण म्हणूनसुद्धा ते धड नाहीत, नुसता धूर होतो, असं काकू सांगत होत्या.

याच नारायणगावात पहाटे टोमॅटोच्या बाजारात जाऊन पाहा. क्रेटच्या थप्प्यांमधून चालायला वाट नसते. दिल्लीचा, गुजरातचा, दक्षिणेचा असे व्यापारी एकाच ढिगाभोवती उभे. एक टोमॅटो उचलतो, बोटानं दाबतो, परत टाकतो, तोंड वाकडं करतो. दुसरा तेवढ्यात दोन रुपये चढवतो. २०२३ च्या जुलैत इथं वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि महिना-दीड महिन्यात तो असा कोसळला, की लोकांनी माल रस्त्यावर ओतला. हा जुगारच आहे, मी त्याची आरती ओवाळणार नाही. पण एक गिऱ्हाईक मेलं म्हणून टोमॅटोचं पीक मेलं, असं इथं होत नाही.

तमाशाचंही तसंच. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात. फलकावर फडमालकाचं नाव, आत सतरंजी, चहा, आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी ठरवायला येतात. एका राहुटीत सौदा फिसकटला की पंच शेजारच्या राहुटीत जातात, आणि फडमालक दुसऱ्या गावच्या पंचांना चहा पाजतो. कर्जात सगळे बुडालेले, उचल घेऊन चालणारा धंदा. तरी कुणा एका गावानं पाठ फिरवली म्हणून फड मोडत नाही. या गावाच्या अंगात शेकडो वर्षांचं शहाणपण आहे ते हेच, की विकणाऱ्यापुढं निदान दोन घेणारे हवेत. वाइनच्या नव्या झगमगाटात ते आम्ही विसरलो. आंबेगावात सातगाव पठारावर वेफर्सच्या कंपन्यांशी करार करून बटाटा लावतात. कंपनीनं हात वर केले तर तोच बटाटा ट्रॅक्टरमध्ये घालून मंचरला आणता येतो. करार वाईट नाही. करार मोडल्यावर जायला दुसरी वाट नसणं वाईट.

आणि दुसरी वाट नसेल, तर कायद्यानं तरी मागं उभं राहावं. उसाकडं पाहा. गुऱ्हाळाची वाट सोडली तर ऊसही एका फाटकाचंच पीक, तोडल्यावर तासातासाला वजन आणि साखर घटणारं. म्हणून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं सांगितलं, की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. त्यानंतरही थकवले तर साखर आयुक्त वसुलीचा दाखला काढतात आणि जिल्हाधिकारी कारखान्याच्या साखरेला हात घालू शकतात. हे सगळं वेळेवर होतं असं विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या आसपासचा शेतकरीही म्हणणार नाही, पण मोर्चा काढायला त्याच्या हातात एक कागद तरी असतो. वाइनच्या द्राक्षाला असा कागद नाही. कंपनी अवसायनात गेली, की आधी तारण असलेल्या बँका आणि त्यांच्या जोडीला कामगार; द्राक्ष घातलेला शेतकरी विनातारण देणेकऱ्यांच्या रांगेत, काच पुरवणाऱ्या आणि लेबल छापणाऱ्यांच्या शेजारी. तिथवर पोचेपर्यंत परडी रिकामी झालेली असते.

अलीकडं ‘बिरा ९१’ या बिअरची अशीच पडझड वाचली. कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ शब्द गेला म्हणून राज्याराज्यात लेबलांची नोंदणी नव्यानं करावी लागली, विक्री महिनोन्‌महिने अडली, पगार थकले. नोकरदार रस्त्यावर आले, पुरवठादार अडकले. वाचताना तात्या आठवले. पण बिअरचं जव खुल्या बाजारातही विकता येतं. राजस्थानातल्या जव पिकवणाऱ्याला बिराचं नावही ठाऊक नसेल, आणि तेच त्याचं भाग्य. कोसळणाऱ्या कंपनीखाली कोण सापडतं हे कंपनी किती मोठी होती यावर ठरत नाही, तिच्या पायाला कोण बांधलेलं होतं यावर ठरतं.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रभर रण पेटलं. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याचं भलं होईल. दुसरी म्हणाली, घराघरांत व्यसन शिरेल. दोन्हीकडून शेतकऱ्याचं नाव घेतलं जात होतं. शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळणार, हा प्रश्न मात्र मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. निर्णय पुढं बासनात गेला. त्याच वर्षी डिसेंबरात सुलाचे शेअर बाजारात आले. वाइनचा धंदा मेलेला नाही, मरणारही नाही. नव्या वाइनरी निघतील, जुन्नर-आंबेगावच्या बांधावर पुन्हा कुणीतरी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येईल, आणि वाइन चांगलीही होईल.

तेव्हा सरकारला सांगणं एवढंच, की उसाचा चौदा दिवसांचा नियम वाइनच्या द्राक्षाला लावा. त्याला फार मोठी समिती लागत नाही. आणि शेतकरी बंधूंना सांगायचं तर तात्यांचंच म्हणणं पुढं करतो. त्यांनी नंतर पुन्हा खायची द्राक्षं लावली, आता कुणी वाइनचं नाव काढलं की ते करारातलं भावाचं कलम वाचतच नाहीत. पैसे कधी आणि थकले तर काय, ते कलम आधी शोधतात. ते नसेल तर सही करू नका.