मुलाखतीत निघालेली कोयना

जाहिरात नेहमीसारखीच होती. नागपुरातल्या एका संशोधन प्रकल्पासाठी ज्युनियर रिसर्च फेलो हवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक., गेट उत्तीर्ण, फायनाइट एलिमेंट येत असल्यास प्राधान्य. मुदत एक वर्ष, काम बघून मुदतवाढ. फेलोशिप महिना 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने 2023 पासून ठरवलेला हा आकडा नागपूर काय नि मुंबई काय, सारखाच. नागपुरात तो पुरतो, हे या शहराचे उपकार.

मुलाखतीला आलेल्या उमेदवारांच्या फायलींत रंगीत चित्रं होती. ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं. माझ्याही फायलीत होती. समितीतल्या सरांनी ती उघडलीच नाहीत. त्यांनी विचारलं, "कोयना केलंय का?"

सहलीबद्दल नव्हे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. धरण 103 मीटर उंच. त्याच्या खालच्या अंगाचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला आडव्या भेगा पडल्या. धरण टिकलं. पुढे बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने फायनाइट एलिमेंट पद्धतीने गणित मांडून ते 1973 मध्ये प्रसिद्ध केलं. मोठा ताण नेमका त्याच पातळीला निघाला. आजही काँक्रीट कसं तडकतं याचं नवं मॉडेल कोणी केलं, की ते आधी कोयनेवर चालवून बघतात. 'अबॅकस' सॉफ्टवेअरच्या उदाहरणांतही ते आहे. साताऱ्याच्या डोंगरातलं हे धरण जगभरची पोट्टी सोडवत असतात.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता: "जाळी बारीक केल्यावर उत्तर किती बदललं?"

फायनाइट एलिमेंट पद्धतीत आख्खी रचना छोट्या तुकड्यांत विभागतात (हीच ती जाळी), तुकड्यातुकड्याची समीकरणं जुळवून एकत्र सोडवतात. रे क्लफ यांनी पद्धतीला नाव दिलं 1960 मध्ये. तुकडे मोठे ठेवले तर उत्तर फसवं येतं. 1991 मध्ये नॉर्वेत स्लाइपनर नावाचा काँक्रीटचा तेल-प्लॅटफॉर्म बुडाला. जाळी निकृष्ट असल्याने त्याच्या भिंतींमधला कातरताण 47 टक्के कमी धरला गेला होता. संगणकाने तक्रार केली नव्हती.

निवड झाली. पदाच्या नावात मॉडेलिंग असलं तरी बरेच दिवस प्रयोगशाळेत गेले: काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, पाण्यात मुरवायचे, यंत्राखाली फोडायचे आणि मॉडेलचा आकडा त्याच्याशी ताडायचा. मला विचाराल तर खरी नोकरी तीच. ठोकळ्याशी न ताडलेलं रंगीत चित्र कॅलेंडरच्याच कामाचं. फेलोशिप मात्र कधीकधी दोन-दोन महिने अडकायची आणि घरमालकाला ते पटवणं कुठल्याही समीकरणापेक्षा अवघड.

अशा जागेसाठी जात असाल तर 'मुदतवाढ' या शब्दावर विसंबू नका. प्रकल्पाचे किती महिने उरलेत, पीएच.डी.ला नोंदणी होईल का, सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि प्रयोगांसाठी पैसे धरलेत का, हे मुलाखतीतच विचारा.